सही कुणाची, निर्णय कुणाचा?

नगरला पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास चांदबिबीच्या महालावर घेऊन जातो. पाथर्डी रस्त्यावरचा तो डोंगर, वर ती अष्टकोनी दगडी इमारत आणि तिथून दिसणारा सगळा मुलूख. शाळेत होते तेव्हा मीही कितीतरी सहली तिथे नेल्या. धापा टाकत मुलं वर पोचली की एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, चांदबिबी यातल्या कुठल्या खोलीत राहायची?" मग सांगावं लागायचं, की बाळ, हा तिचा महाल नाहीच मुळी. ही सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान म्हणजे मुर्तझा निजामशहाचा वजीर. लोकांनी आपलं चांदबिबीचं नाव देऊन टाकलंय, इतकंच. मुलींचा फार विरस व्हायचा.

वर नाव बाईचं, आत झोपलाय पुरुष! इतकी वर्षं ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत आले. पण गेल्या महिन्यात आमच्या घरातच एक विषय निघाला आणि तेव्हापासून ही इमारत डोक्यातून जात नाही.

झालं असं. आमच्या गावच्या सरपंचपदाची सोडत निघाली आणि जागा महिलेसाठी राखीव झाली. माझा पुतण्या गेली दहा वर्षं गावच्या राजकारणात आहे. त्याचा फोन आला. "काकू, आता हिलाच उभं करावं लागणार. पण ही नाही म्हणते. तुम्ही समजावा, तुमचं ऐकेल ती."

मी विचारलं, "नाही का म्हणते?"

"घाबरते उगीच. अहो, तिला काय करायचंय? नुसत्या सह्या करायच्या. बाकी आम्ही आहोतच की!"

पुतण्या मनाचा वाईट नाही. अडीअडचणीला धावून जाणारा आहे, गावात त्याला मान आहे. आणि हे वाक्य काही त्यानं शोधून काढलेलं नाही. ते फार जुनं आहे. किती जुनं, तेच आज लिहावं म्हणते. इतिहास हा माझा बीएचा विषय, आणि शिक्षिकेची खोड अशी जाता जात नाही. मंडळींनी सांभाळून घ्यावं.

तर पहिल्यांदा आपली चांदबिबी. हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. तिच्या आईचं नाव खुंझा हुमायून. हुसेनशहा १५६५ मध्ये वारला तेव्हा मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून आईनं त्याच्या नावानं काही वर्षं नगरचा कारभार केला. मुलगा मोठा झाला आणि त्यानंच आईला कैदेत टाकलं. चांदबिबीच्या माहेरची ही कथा. सासरी १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला आणि लहान पुतण्या इब्राहिम गादीवर आला. त्याचा सांभाळ चांदबिबीकडे आला. तिथेही दरबारातल्या एकाला तिची अडचण झाली आणि तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं गेलं. पुढे सुटली, माहेरी आली.

१५९५ च्या डिसेंबरात अकबराच्या मुलानं, शहाजादा मुरादनं, नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. आता चांदबिबी लढत होती ती बहादूर नावाच्या लहान मुलासाठी. १५९६ च्या फेब्रुवारीत सुरुंगानं तटाला खिंडार पडलं. ती बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढवून घेतली. हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्याच्या पुढचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. तिनं तह केला. वऱ्हाड मोगलांना दिला आणि नगर वाचवलं. मला विचाराल तर हा तह तलवारीपेक्षा मोठा होता. मुलूख तोडून देण्याचा कटू निर्णय घ्यायला छाती लागते. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. किल्ला आता टिकणार नाही हे तिनं ओळखलं आणि बोलणी करायचं ठरवलं. तर ही फितूर झाली अशी आवई उठली आणि आपल्याच लोकांनी तिला मारून टाकलं. साल १६००. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

म्हणजे बघा, ती लढत होती तोवर सगळ्यांना हवी होती. निर्णय घ्यायला लागली तशी नकोशी झाली.

त्याच वेळी सातासमुद्रापार लंडनला आणखी एक राणी राज्य करत होती, पहिली एलिझाबेथ. १५५८ ते १६०३. दोघी एकाच काळातल्या. फरक एवढाच, की एलिझाबेथ कुणा पोराच्या वतीनं नव्हे, स्वतःच्या नावानं राज्य करायची. अर्थात तिलाही गादी मिळाली ती भाऊ आणि थोरली बहीण मागे मूल न ठेवता गेले म्हणून. आधी मुलगा, तो नसेल तर मुलगी, हा तिथलाही नियम. तो बदलायला २०१३ चा कायदा यावा लागला आणि तो २०१५ मध्ये लागू झाला. पण गादी मिळाल्यावर निर्णय एलिझाबेथचे स्वतःचे असत. तिच्याच सनदेनं ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. आमची चांदबिबी गेली त्याच वर्षी! आणि १२ ऑगस्ट १८०३ ला याच कंपनीच्या फौजेनं, वेलस्लीच्या हाताखाली, नगरचा किल्ला घेतला. एका बाईच्या सनदेतून निघालेली कंपनी दोनशे वर्षांनी दुसऱ्या बाईच्या किल्ल्यात येऊन पोचली. सहीचं सामर्थ्य म्हणतात ते हे. तिला 'नुसती सही' म्हणू नये.

आता चौंडीला येऊ. आपल्या जामखेड तालुक्यातलं लहानसं गाव. तिथल्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक अहिल्या, जन्म ३१ मे १७२५. मल्हारराव होळकरांची सून झाली. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासऱ्यांनी सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही. तोफखान्याची, दारूगोळ्याची कामं तिच्यावर सोपवलेली त्यांची पत्रं आहेत. वाचताना वाटतं, एखाद्या कर्त्या मुलालाच लिहिताहेत. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला.

तेव्हा दिवाण गंगाधर यशवंतांनी काय सुचवलं? एखादा लहान मुलगा दत्तक घ्या, गादीवर बसवा, बाकी आम्ही आहोतच. पुतण्याचं वाक्य फार जुनं आहे म्हणाले ते एवढ्यासाठी. दिवाणांना मूल हवं होतं ते मुलाच्या प्रेमापोटी नव्हे. गादीवर मूल असलं की कारभार आपोआप दिवाणाचा होतो. अहिल्याबाईंनी स्वच्छ नाही म्हटलं. दिवाणांनी राघोबादादांना फौजेसह बोलावलं, तरी त्या हलल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला. फौज तुकोजी होळकरांकडे आणि कारभार अहिल्याबाईंकडे अशी वाटणी झाली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं, १३ ऑगस्ट १७९५ ला डोळे मिटेपर्यंत, महेश्वरातून त्यांनी राज्य केलं.

त्यांच्या आज्ञापत्रांवर 'श्रीशंकर आज्ञेवरून' असं लिहिलेलं असे. आपलं नाव नाही, नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही. राज्य शिवाचं, आपण कारभारी. मला यात भक्ती तर दिसतेच, पण व्यवहारही दिसतो. शंकर काही मध्येच उठून 'जरा सरका बाई, मी बघतो' म्हणणार नव्हते!

बाई गादीवर बसली की बायकांचं भलं होतंच, असं मात्र नाही. अहिल्याबाईंनी निपुत्रिक सावकारांच्या विधवांची संपत्ती सरकारजमा केली नाही, त्यांची त्यांना ठेवू दिली. माल्कमसाहेबानंही ते लिहून ठेवलंय. उलट आमच्या आजीच्या पिढीनं जिला 'राणी सरकार' म्हटलं ती व्हिक्टोरिया १८३७ पासून १९०१ पर्यंत गादीवर होती, पण बायकांच्या हक्कांची चळवळ तिला मुळीच पसंत नव्हती. तिच्या देशात बायकांना मत मिळालं १९१८ मध्ये, तेही तीस वर्षांच्या पुढच्या काही जणींना. पुरुषांच्या बरोबरीनं मिळालं १९२८ मध्ये. एक राणी असणं वेगळं आणि गावोगावच्या बायकांच्या शब्दाला किंमत असणं वेगळं.

आता गंमत पाहा. सही एकाची आणि निर्णय दुसऱ्याचा, हा प्रकार विलायतेतही आहे, आणि तिथे तो चांगला मानतात. पार्लमेंटानं मंजूर केलेल्या कायद्याला राजाची किंवा राणीची संमती लागते. ती शेवटची नाकारली गेली १७०८ मध्ये, अॅन राणीच्या काळात. त्यानंतर कुणी नाकारलेली नाही. दुसरी एलिझाबेथ १९५२ ते २०२२ अशी सत्तर वर्षं गादीवर होती. पंधरा पंतप्रधान तिनं पाहिले, त्यांत तीन बायका. शेवटची लिझ ट्रस, ६ सप्टेंबर २०२२ ला नेमली आणि दोनच दिवसांनी राणी गेली. सत्तर वर्षांत संमती राणीची आणि निर्णय लोकांनी निवडलेल्यांचे.

हे बरोबर का? तर राणीला कुणी निवडून दिलेलं नसतं, पार्लमेंटाला दिलेलं असतं. जो निवडून आला त्यानं ठरवावं. ही रीत बसायला तिथे काही शतकं गेली आणि एका राजाचं डोकंही गेलं.

आणि आमच्या गावात? निवडून येते बाई आणि ठरवतो न निवडलेला नवरा. म्हणजे विलायतेची पद्धत आपण बरोबर उलटी करून वापरतो. 'सरपंचपती' असा शब्दच तयार झालाय. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे पद आहे, मला कुणी दाखवावं.

इथे पुतण्या म्हणेल, काकू, पण जागा माझ्यामुळेच निवडून येणार ना? नाव माझं, माणसं माझी. मान्य. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लंडनच्या पार्लमेंटात बसलेली पहिली बाई, नॅन्सी अॅस्टर, १९१९ मध्ये आली ती नवऱ्याच्याच जागेवर. त्याचे वडील वारले, त्याला उमरावांच्या सभागृहात जावं लागलं, जागा रिकामी झाली म्हणून ही उभी राहिली. पण नंतर तो परत आला नाही आणि ही १९४५ पर्यंत तिथे राहिली. १९२३ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना दारू विकायला बंदी करणारा कायदा तिनं स्वतः मांडून मंजूर करून घेतला. सिलोनच्या सिरिमाओ बंदरनायके जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या १९६० मध्ये, नवऱ्याची हत्या झाल्यानंतर. इंदिराबाई नेहरूंची मुलगी. ज्या नेहरूंना १९४२ ते ४५ आपल्या नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं आणि ज्यांनी तिथे लिहिलेल्या पुस्तकात चांदबिबीची आठवण काढली आहे, त्यांची. १९६६ मध्ये पक्षातल्या बुजुर्गांनी त्यांना निवडलं तेव्हा अनेकांचा हिशेब हाच होता, की ही गप्प राहील, कारभार आपण पाहू. त्या बुजुर्गांचं पुढे काय झालं ते आमच्या पिढीनं पाहिलंय.

मात्र बाई आहे म्हणून तिचं सगळं बरोबर, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही राष्ट्रपतींची होती, निर्णय पंतप्रधान बाईंचा होता, आणि मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. न विचारता दुसऱ्याकडून सही करून घेणं बाईनं केलं तरी वाईटच.

असो. सांगायचा मुद्दा, बाई कुठल्या दारानं आत आली याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. वडिलांच्या, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, नाहीतर राखीव जागेच्या. दार कुठलंही असो. आत आल्यावर ठरवतं कोण, एवढंच मी बघते. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली, म्हणजे अहिल्याबाईंच्याच राज्यात, आणि तिथून १९८९ पासून आठ वेळा लोकसभेवर निवडून आली. २०१४ ते २०१९ सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्या खुर्चीवरून त्या सभागृह गप्प करायच्या तेव्हा त्यांचे यजमान कोण, हे कुणी विचारत नव्हतं.

आणि हे फक्त मोठ्यांच्यातच घडतं असंही नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. पुढे २०११ मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी शेजारच्या गावात सरपंच झाली. सातवीनंतर तिची शाळा सुटलेली. एका संध्याकाळी प्रोसिडिंग बुक पिशवीत घालून घरी आली. म्हणाली, "बाई, मला हे वाचायला शिकवा. अक्षरं येतात, पण अर्थ लागत नाही." ठराव, सूचक, अनुमोदक, प्राकलन, मूल्यांकन... एकेक शब्द घेऊन बसलो. महिनाभर यायची. मग एका मासिक सभेत पाइपलाइनच्या बिलावर सही करायची वेळ आली, तेव्हा ती म्हणाली, आधी मोठ्यानं वाचा, मग करते. वाचलं तर पाइप जेवढा टाकलाय त्यापेक्षा जास्त लिहिलेला! तिनं सही केली नाही. चार महिने गावानं तिला 'शहाणी' म्हणून हिणवलं. पाचव्या महिन्यात बिल दुरुस्त होऊन आलं. तिचा नवरा तेव्हा चिडला होता. पुढे तोच हे कौतुकानं सांगायचा.

पुतण्याला हे मुद्दाम सांगायचंय, की पंचायतीच्या चेकवर सरपंचाचीही सही लागते आणि उद्या काही वाकडं झालं तर चौकशीची नोटीस येते ती सही करणारीच्या नावानं. 'बाकी आम्ही आहोतच' म्हणणाऱ्याच्या नावानं येत नाही. म्हणजे अधिकार तुझा आणि जोखीम तिची. हा कुठला न्याय?

आपल्या जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालं. तोंडात अजून नगरच बसलंय, पण चौंडीच्या लेकीचं नाव जिल्ह्याला लागलं याचा मला आनंद आहे. नाव देणं सोपं असतं, हेही तितकंच खरं. १९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या इतक्या निवडणुका झाल्या, आपल्या जिल्ह्यानं एकदाही बाई दिल्लीला पाठवली नाही. विधानसभेत शेवगाव-पाथर्डीतून मोनिकाताई राजळे २०१४ पासून तीनदा निवडून आल्या, कोपरगावातून स्नेहलताताई कोल्हे एकदा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण तो आधी जनगणना आणि मग मतदारसंघांची फेररचना यांच्यामागे बांधून ठेवला गेला. नाव बाईचं लावून जिल्हाभर चांदबिबीचे महाल बांधायचे नसतील, तर सुरुवात गावच्या पंचायतीपासूनच व्हायला हवी.

पुतण्याच्या सांगण्यावरून मी सूनबाईला फोन केला. ती बीकॉम आहे. गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब गेली सहा वर्षं तीच लिहिते आणि पैशाची चूक सापडू देत नाही. मी काही समजावलं नाही, नुसतं विचारलं, "भीती कशाची वाटते गं?"

ती म्हणाली, "काकू, सहीची नाही वाटत. न वाचता केलेल्या सहीची वाटते. सभेला मी एकटी जाणार, कागद आधी माझ्या हातात येणार आणि खुर्चीत मीच बसणार, एवढं हे कबूल करत असतील तर मी उभी राहते. नाहीतर नको."

तिला भित्री म्हणणारा पुतण्या हा लेख वाचेल, कारण त्याच्या लेकीनंच मला हा ब्लॉग लिहायला शिकवलं. तर बाबा रे, तुझ्या बायकोला माझ्या समजावण्याची गरज नाही. तिच्या तीन अटी वर लिहिल्या आहेत, नीट वाच. मल्हाररावांसारखा मोठेपणा दाखवायचा की गंगाधर यशवंतांसारखा, ते तुझं तू बघ. अर्ज भरायला अजून वेळ आहे.

बाकी मंडळी, तुमच्या गावात खरोखर स्वतः कारभार करणारी सरपंच बाई असेल तर खाली जरूर लिहा. सूनबाईला वाचून दाखवीन.